केमोनंतर दुसऱ्या दिवसापासून उलट्या, पुढच्या सायकलआधी काय करता येईल? (मदत हवी आहे)

नमस्कार. आईला स्तनाचा कॅन्सर आहे. एसी केमो चालू झालीय, म्हणजे ते लाल डॉक्सोरुबिसिन आणि सोबत सायक्लोफॉस्फामाइड, दर २१ दिवसांनी. पहिल्या डोसला डे-केअरमध्ये आधी उलटीची इंजेक्शनं दिली. त्या रात्री ती वरणभात व्यवस्थित जेवली, आम्ही निर्धास्त झालो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जे सुरू झालं ते काही केल्या थांबेना. पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. शेजारच्या फोडणीचा वास आला तरी तोंडाला पदर लावायची. घरी फक्त ऑन्डान्सेट्रॉनच्या गोळ्या होत्या, "लागली तर घ्या" म्हणून. मळमळ गेली नाहीच, वर पोट साफ होईना.

आता ती "मला नकोच ते" म्हणते, ऐकवत नाही. तिला शुगरही आहे. ओपीडीत डॉक्टर जेमतेम पाच मिनिटं भेटतात. नेमकं काय विचारू?

प्रतिसाद:

वाचून फार वाईट वाटलं. माझ्या बहिणीची हीच केमो झाली. "थोडा त्रास झाला" असं मोघम सांगू नका. कधी सुरू झालं, किती वेळा झालं, पोटात काय राहिलं, सगळं लिहून न्या.

एसीमुळे जोरदार उलट्या होतात, म्हणून चार औषधं एकत्र देण्याची पद्धत आहे: ऑन्डान्सेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन, डेक्सामेथासोन, अ‍ॅप्रेपिटंट आणि ओलान्झापिन. २४ तासांनंतरच्या उलटीला एकट्या ऑन्डान्सेट्रॉनचा फारसा उपयोग होत नाही. तिथे अ‍ॅप्रेपिटंट लागतं, आणि मळमळीवर ओलान्झापिन फार चांगलं. ही दोन्ही देता येतील का, एवढं विचाराच. ओलान्झापिन मानसिक आजारांतही देतात, म्हणून केमिस्टकडे दचकू नका. त्याने गुंगी येते, पण टाटा मेमोरियलच्या २०२४ च्या अभ्यासात २.५ मिग्रॅचा डोस १० मिग्रॅच्या तोडीचा ठरला आणि गुंगी कमी आली. डोस अर्थात डॉक्टरच ठरवतील.

डेक्सामेथासोनने साखर चढते, तेव्हा शुगरचं आधी सांगा आणि घरी तपासत राहा. पोट साफ होत नाही हेही सांगा, त्यावर औषध मिळतं. गोळ्या मळमळ सुरू व्हायची वाट न बघता वेळेवर द्यायच्या. जेवण थोडं थोडं आणि गार द्या. गार दहीभाताला गरम भाजीसारखा वास येत नाही. केमोच्या नुसत्या विचारानेच मळमळत असेल तर तेही बोला, आदल्या रात्रीसाठी लोराझेपाम देतात.

दिवसभर पाणी ठरलं नाही, लघवी कमी झाली किंवा ताप १००.४ च्या वर गेला, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा.