बडोद्यात लहान जातीचं पिल्लू घेताना : काय बघायचं, काय विचारायचं

रावपुरा
फ्लॅटमध्ये मावतील म्हणून पग, शिह त्झू, पॉमेरेनियन, डॅशहुंड घेणारी घरं आपल्याकडे वाढली आहेत. काय तपासायला हवं होतं ते मात्र बहुतेकांना पिल्लू सलाईनवर गेल्यावर कळतं. ज्यांनी पिल्लं घेतली, वाढवली किंवा तपासली, त्यांनी वर आपल्या भागाचं नाव टाकून नेमकं लिहा. कौतुकाच्या गोष्टी इथे नकोत.

पहिला मुद्दा आईचा. पिल्लू आईपाशीच बघायचं, आणून दाखवलेलं नाही. दूध पाजणाऱ्या कुत्रीची आचळं लोंबलेली असतात, पोटाची कातडी सैल असते, केस गळून ती विरळ दिसते. पोट घट्ट आणि आचळं बारीक असलेली कुत्री 'ही आई' म्हणून पुढे केली, तर पिल्लं दुसरीकडून आणलेली आहेत असं समजा. बाप तिथे नसला तर शंका घेऊ नका, मेटिंगसाठी बाहेरचा नर आणणं नेहमीचंच आहे. पण आई 'गावाला पाठवली आहे' असं ऐकलंत तर तिथूनच परत फिरा.

कारेलीबाग
वय कार्डावर वाचू नका, तोंडात बघा. दुधाचे सुळे साधारण 3 ते 5 आठवड्यांत येतात, पुढचे दात 4 ते 6 आठवड्यांत, दाढा त्यानंतर. 8 आठवड्यांच्या पिल्लाला जवळजवळ सगळे 28 दुधाचे दात असतात. अगदी छोट्या जातींत थोडा उशीर होतो, पण ओठ वर केल्यावर हिरडीतून नुसती टोकं दिसत असतील तर ते पिल्लू पाचेक आठवड्यांचंच आहे, विकणारा काहीही म्हणो.

2017 च्या कुत्रा प्रजनन व विक्री नियमांप्रमाणे 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ब्रीडरची, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याची, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि 18 महिन्यांच्या आतल्या कुत्रीला वेतात घालता येत नाही. हे सगळं सरळ विचारा. चांगला ब्रीडर चिडत नाही, उलट तोच तुम्हाला चार प्रश्न विचारतो: घर कितव्या मजल्यावर, दिवसभर घरी कोण असतं, लहान मुलं किती वर्षांची.

मांजलपूर
वरच्या ताईंच्या मुद्द्याला जोडून नावांबद्दल. 'टीकप' आणि 'पॉकेट' या जाती नाहीत, विकण्यासाठी दिलेली नावं आहेत. त्या नावाखाली मिळतं ते वेतातलं सगळ्यात अशक्त पिल्लू, नाहीतर 5 आठवड्यांचं पिल्लू 10 आठवड्यांचं म्हणून.

दुसरी गफलत पॉमेरेनियनची. जातिवंत पॉम मोठा झाल्यावर साधारण 2 ते 3 किलोचा होतो. आपल्या सोसायट्यांमध्ये ज्याला पॉम म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, पाच किलोच्या पुढे जाणारा, लांब तोंडाचा. स्पिट्झ वाईट नाही! बडोद्याच्या उन्हात तो पॉमपेक्षा बरा टिकतो, हे मी आग्रहाने सांगेन. फक्त पैसे पॉमचे देऊ नका. दोन महिन्यांचं पिल्लू बघून फरक कळत नाही, म्हणून आईबापांचं वजन विचारा आणि आईला स्वतः उचलून बघा.

दांडिया बाजार
कागदांचं. 'केसीआय पेपर (म्हणजे जातीचा दाखला) नंतर येतील' या एका वाक्यावर सर्वांत जास्त फसवणूक होते. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या सर्टिफिकेटवर मायक्रोचिपचा, म्हणजे पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या बारीक चिपचा, 15 आकडी नंबर असतो. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे स्कॅनर असतो. तो खांद्यांच्या मधोमध फिरवून आलेला नंबर कागदावरच्या नंबराशी जुळवा. चिप सरकू शकते, म्हणून नाहीच लागली तर मान आणि दंडाकडेही स्कॅनर फिरवा. वेताची नोंद ब्रीडरलाच करावी लागते. ती नसेल तर तुमच्या नावावर मालकी चढणार कशी? पेपर हवे असतील तर ठरलेल्या रकमेतला काही भाग ते हातात येईपर्यंत राखून ठेवा, आणि हे पावतीवर लिहून घ्या.

लसीच्या कार्डात बाटलीवरचं छोटं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. शेजारी डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. स्टिकर नाही, तीन तारखा एकाच पेनाने एकाच बैठकीत लिहिलेल्या, असं कार्ड कोरं समजून डॉक्टरांकडून लसीकरण नव्याने सुरू करा.

अलकापुरी
ब्रीडर म्हणतो 'दोन्ही इंजेक्शनं झाली, आता काळजी नाही'. 7 आठवड्यांच्या पिल्लाच्या बाबतीत हे खरं असू शकतं का?

कारेलीबाग
नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत ती लसीलाच निकामी करते, आणि ती कधी उतरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. म्हणून 6 ते 8 आठवड्यांपासून दर 3-4 आठवड्यांनी डोस देत 16 आठवड्यांपर्यंत जावं लागतं. रेबीज साधारण 3 महिन्यांना. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे होईपर्यंत पिल्लाला कमाटीबागेत किंवा सोसायटीच्या बागेत जमिनीवर सोडू नका. कडेवर घेऊन फिरवा, जग बघू दे.

पार्वो म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. त्याची लक्षणं बहुधा लागण झाल्यापासून 3 ते 7 दिवसांनी दिसतात, म्हणजे ब्रीडरकडे लागण झालेलं पिल्लू तुमच्याकडे चार दिवस छान खेळतं. आधी खाणं सुटतं, मग उलट्या, मग रक्ताचे जुलाब. उलटी दिसली की त्याच दिवशी डॉक्टर, दुसरा दिवस उजाडायची वाट नाही. विष्ठेची किट-तपासणी काही मिनिटांत होते. घरात आधी पार्वोने पिल्लू गेलं असेल तर फिनाईलवर विसंबू नका, त्याने हा विषाणू मरत नाही. आधी घाण धुवा, मग 1 भाग ब्लीच 30 भाग पाण्यात मिसळून फरशी 10 मिनिटं ओली ठेवा. ब्लीचमध्ये फिनाईल किंवा अ‍ॅसिड मिसळू नका. आणि एवढं करूनही पुढचे बरेच महिने लस पूर्ण न झालेलं पिल्लू त्या घरात आणू नका.

वाघोडिया रोड
पहिले 14 दिवस खाण्याचे आणि वजनाचे. ब्रीडर देत होता तेच खाद्य आठवडाभराचं मागून घ्या, मग नवं खाद्य पाव-पाव हिश्शाने वाढवत सात दिवसांत बदला. म्हशीचं दूध नको, जुलाब हमखास.

छोट्या जातींत 3 महिन्यांपर्यंत रक्तातली साखर उतरण्याची भीती मोठी. यकृतात साठाच कमी असतो, त्यामुळे एक जेवण चुकलं किंवा थंडी लागली तरी पिल्लू लडबडतं, गार पडतं, मान टाकतं. दर 3-4 तासांनी थोडं थोडं खायला द्या, रात्री झोपण्याआधी शेवटचं. लडबडलं तर मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, ऊब द्या आणि डॉक्टरांकडे निघा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात काही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. या वयात वजन रोज थोडं चढायलाच हवं. दोन दिवस थांबलं तरी डॉक्टरांना फोन करा.

कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट विषारी आहेत. पोह्यांतला, सेव-उसळीवरचा कांदा आणि लाडवातला बेदाणा पाहुण्यांच्या हातून जातो, म्हणून घरातल्या सगळ्यांना आधीच बजावा.

निझामपुरा
पग घेताय तर नाकपुड्या बघा. त्या गोल उघड्या हव्यात, नुसती फट नको. पाच मिनिटं खेळवा, मग कान लावून श्वास ऐका. आराम करतानाही घोरल्यासारखा आवाज येत असेल तर ते गोड नाही, ती दमछाक आहे. मेमधल्या 42 अंशांत असा पग पंख्याखालीही निभत नाही. बेंबीजवळ मऊ फुगवटा, टाळूची उघडी जागा, मागचा पाय मध्येच उचलून उड्या मारणं, डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गाठ, हे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पैसे नाहीत. मानेला पट्टा नको, हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) घ्या. छोट्या जातींची श्वासनळी नाजूक असते.

फतेगंज
पावसाळ्यासाठी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस विचारा. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं होतं, आणि उंदरांच्या लघवीतून हा आजार अशाच पाण्यात पसरतो. दोन डोस, मग दरवर्षी. लहान जातींना लसीची रिअ‍ॅक्शन जास्त येते म्हणून अर्धा तास दवाखान्यातच बसा. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या आठवड्यात पिल्लू आणू नका. गच्चीवरचा मांजा पायाच्या गादीत रुततो, आणि स्पीकरची धास्ती कायमची बसते.

रावपुरा
सगळ्यांचे आभार. आणायच्या दिवसाचं मी लिहिते. सकाळी लवकर आणा, म्हणजे दवाखाना उघडा असताना हाती पूर्ण दिवस राहतो. निघण्याआधी तासभर खायला देऊ नका, गाडीत उलटी होते. चार-पाच दिवस आधी जुना सुती पंचा ब्रीडरकडे देऊन ठेवा आणि आईच्या अंथरुणात टाकायला सांगा. आणताना पिल्लू त्याच पंच्यात गुंडाळा, आणि पहिल्या रात्री तो न धुता त्याच्या टोपलीत ठेवा.