विषय: सी ड्राइव्ह भरला, काय पुसू?

नमस्कार मंडळी,
आपल्या गणेशोत्सवातल्या नाटकांचे सगळे व्हिडिओ माझ्या 2016 च्या लॅपटॉपवर आहेत. विंडोज 10, 128 जीबीचा एसएसडी. आता जेमतेम 2 जीबी उरलेत. शोधलं तर विंडोजच्या आत 'विनएसएक्सएस' नावाचं 9 जीबीचं फोल्डर सापडलं. आज रात्री उडवतोय. चालेल ना?
— खजिनदार काका

काका, थांबा! त्या फोल्डरला हात लावू नका. त्यात विंडोजचेच सुटे भाग असतात, ते गेले तर लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही. शिवाय ते दिसतं तेवढं मोठं नसतं. एकच फाइल दोन ठिकाणी नोंदलेली असते, म्हणून दोनदा मोजली जाते.

आधी नाटकं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि दोन-चार तिथूनच लावून बघा. मग 'डिस्क क्लीनअप' उघडा, सी निवडा, 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबा. टेम्पररी फाइल्स आणि जुने अपडेट्स खुशाल जाऊ द्या. 'डाउनलोड्स'समोर मात्र खूण नको. विंडोज 10 च्या काही आवृत्त्यांत ते त्या यादीत असतं, आणि आपली तिकिटं, बँकेचे कागद तिथेच पडलेले असतात.

वनड्राइव्ह वापरत असाल तर आणखी जपा. माझ्या आईने 'ऑनलाइन आहेतच की' म्हणून लॅपटॉपवरचे फोटो पुसले, तर ते ऑनलाइनही गेले. वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये 30 दिवस राहतात म्हणून परत मिळाले, पण आईचे ते दोन दिवस फार वाईट गेले. तिथे डिलीट करायचं नाही. राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' म्हणायचं.
— सांस्कृतिक समितीतली ताई

ताई, बरं झालं विचारलं. नाटकं उतरवली, चालवूनही पाहिली. क्लीनअपने 11 जीबी मोकळे झाले.
— काका

काका, या लॅपटॉपला कधी आयफोन जोडून बॅकअप घेतला होता का? आमच्याकडे सगळ्यात जास्त जागा त्यानेच खाल्ली होती. आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये 'डिव्हाइसेस' उघडा, तारखांसकट यादी दिसते.
— ढोलपथकातली काकू

काकू, दोन निघाले! एक हल्लीच्या फोनचा, दुसरा 2018 चा, 31 जीबी. तो फोन केव्हाच देऊन टाकला. मग हा पुसतोच.
— काका

काका, एवढ्यात नको. 2018 मधले फोटो दुसरीकडे कुठे आहेत का, ते आधी घरी आपल्या काकूंना विचारा. नसतील तर तो बॅकअपच तेवढा उरलाय, आणि तो नुसता उघडून बघता येत नाही, आयफोनवरच परत चढवावा लागतो. शनिवारी तालमीला लॅपटॉप घेऊन या. माझ्याकडे 1 टीबीची डिस्क रिकामी आहे, बॅकअपचं अख्खं फोल्डर तिच्यावर घेऊ आणि मगच इथून काढू.
— ताई