अनुभव धागा: न्यायालयात साक्ष देताना

साक्षीदार म्हणून समन्स आले की घरात पहिला प्रश्न निघतो तो "आपल्या अंगाशी काही येणार नाही ना?" हाच. 1872 च्या पुराव्याच्या कायद्याची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली असली, तरी साक्षीचा क्रम तोच आहे: ज्या बाजूने साक्षीदाराला बोलावले तिने आधी विचारलेले प्रश्न म्हणजे सरतपास, मग विरुद्ध बाजूचे प्रश्न म्हणजे उलटतपास आणि गरज पडल्यास पुन्हा पहिल्या बाजूचा फेरतपास. एवढे कोणीही सांगेल. पिंजऱ्यात उभे राहिल्यावर प्रत्यक्षात काय होते, हे मात्र तेथे उभे राहिलेल्यांनीच सांगावे, म्हणून हा धागा काढला आहे. पक्षकारांची व गावांची नावे लिहू नयेत आणि चालू खटल्याविषयी काहीच लिहू नये, ही विनंती.

निवृत्त लघुलेखक, सत्र न्यायालय

माझ्या नोकरीचा बहुतेक काळ साक्षी टंकलिखित करण्यात गेला, त्यामुळे साक्षीदारांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट सांगतो. उलटतपासात प्रश्न वकील विचारतात, तुम्ही "हो" म्हणता, आणि नोंद मात्र तुमच्याच तोंडचे विधान म्हणून होते. "रस्त्यावरचा दिवा बंद होता आणि त्यामुळे तुम्हाला त्या माणसाचा चेहरा दिसला नाही, बरोबर?" या प्रश्नाला साक्षीदार दिव्यापुरते "हो" म्हणतो, कागदावर उतरते ते असे: "हे खरे आहे की, रस्त्यावरील दिवा बंद असल्याने मला त्या इसमाचा चेहरा दिसला नाही." चेहरा दुकानाच्या उजेडात दिसला होता, हे सांगायचे राहून जाते. प्रश्नात दोन गोष्टी असतील, तर "दिवा बंद होता हे खरे, पण चेहरा मला दिसला होता" असे तोडून उत्तर द्यावे. न्यायाधीश तसे उत्तर नोंदवून घेतात.

दुसरे म्हणजे, उलटतपासाच्या शेवटी वकील काही सूचना मांडतात: तुम्ही खोटी साक्ष देत आहात, तुम्ही घटनास्थळी नव्हताच. आपल्या पक्षकाराची बाजू साक्षीदारापुढे ठेवणे हे त्यांचे कामच आहे, त्यात वैयक्तिक अपमान नसतो. ते खरे नसेल, तर "हे खरे नाही" एवढे उत्तर पुरते. तेथे संतापून भांडणारे साक्षीदार पुढच्या दोन प्रश्नांत नको ते बोलून बसतात. प्रश्न खरोखरच केवळ अपमान करण्यासाठी असेल, तर तो थांबवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

"माहीत नाही" आणि "आठवत नाही" यांतही फरक ठेवावा. जे कधी ठाऊकच नव्हते ते माहीत नाही. जे ठाऊक होते पण आज स्मरणात नाही ते आठवत नाही. आणि सही करण्यापूर्वी साक्ष वाचून दाखवली जाते, तेव्हा घाई करू नये. चूक दिसली तर तेथेच सांगावे. अपिलात वरच्या न्यायालयापुढे तुमचा चेहरा नसतो, हा कागद असतो.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, पंच साक्षीदार

चोरीच्या मालाच्या जप्तीच्या वेळी मी पंच होतो. समन्स आले ते काही वर्षांनी, तोपर्यंत तपशील पुसट झाले होते. सरकारी वकिलांना आधी भेटून मी पंचनामा वाचून घेतला. त्यात गैर काही नाही, आणि साक्ष चालू असतानाही न्यायालयाच्या परवानगीने त्या वेळी केलेला लेख पाहून स्मृती ताजी करता येते. मुद्देमालाचे खाकी पाकीट माझ्या हातात दिले, तेव्हा मी आधी लेबलावरची सही पाहिली, ती माझीच आहे असे सांगितले आणि मग आतल्या बांगड्या ओळखल्या. "घरापासून गोठा किती फूट?" असे उलटतपासात विचारले. मी अंतर मोजले नव्हते, म्हणून "मोजले नाही, अंदाजे सांगू शकेन" असे उत्तर दिले. नेमका आकडा सांगण्याचा मोह तेथे फार होतो.

गृहिणी, मोटार अपघात दावा

वर लघुलेखकांनी लिहिलेले मला अगदी पटले. माझ्या पतीच्या अपघाती मृत्यूच्या दाव्यात सरतपास तोंडी झाला नाही. तो प्रतिज्ञापत्रावर दाखल झाला. वकीलसाहेबांनी तयार केलेला मसुदा मी घरी नेऊन ओळ न् ओळ वाचला. अपघात कसा घडला याचे वर्णन त्यात असे होते की जणू मी तेथे उभी होते. मी ते बदलून घेतले आणि अपघात मी पाहिलेला नाही, निरोप मिळाल्यावर रुग्णालयात गेले, असे लिहायला लावले. पतीचे उत्पन्नही कागदपत्रे दाखवतात तेवढेच ठेवले. विमा कंपनीच्या वकिलांनी नेमके याच दोन मुद्द्यांवर प्रश्न विचारले आणि माझ्या उत्तरांत त्यांना फट सापडली नाही. पती दारू पिऊन गाडी चालवत होते, ही सूचनाही आली. ती ऐकताना घशाशी दाटून आले, परंतु "हे खरे नाही" याखेरीज मी एक शब्दही बोलले नाही. नंतर मी पाणी मागितले. ते लगेच मिळाले.

वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय

डॉक्टरांना हमखास विचारला जाणारा प्रश्न असा: "अशी जखम पडल्यामुळे होऊ शकते का?" शक्य असेल, तर शक्य आहे असेच सांगावे, आपण कोणत्याही बाजूचे नसतो. मात्र या जखमेत ती शक्यता का कमी वाटते, हे त्याच उत्तरात जोडावे. प्रमाणपत्राबरोबर मूळ नोंदवही नेणे चांगले. दूरदृश्य प्रणालीने साक्ष घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच महाराष्ट्रातील एका खटल्यात मान्य केले आहे. बदली झालेल्या किंवा परदेशी गेलेल्या डॉक्टरांनी तशी विनंती जरूर करावी.

सहाय्यक व्यक्ती, पोक्सो खटले

पीडित मुलांसोबत मी विशेष न्यायालयात जाते. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यानुसार, वकिलांनी मुलाला थेट प्रश्न विचारायचे नसतात, ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात, आणि साक्षीच्या वेळी मूल आरोपीच्या समोर येणार नाही याची काळजी न्यायालयाने घ्यायची असते. पालकांनी हे आधी ठाऊक करून घ्यावे आणि तसे होत नसेल तर लगेच सांगावे. घरी मुलाकडून साक्ष पाठ करून घेऊ नये. पाठ केलेले वाक्य अडखळले की मूल घाबरते, आणि शिकवलेली साक्ष म्हणून तिच्यावर आक्षेपही येतो. मी मुलांना एवढेच सांगते की "मला प्रश्न कळला नाही" हेही पूर्ण उत्तर आहे आणि ते कितीही वेळा देता येते.

शेतकरी, फिर्यादीचा शेजारी

मोठे अनुभव वर आलेच आहेत, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. तारीख पुढे गेली तरी समन्स घेऊन हजर राहावे आणि पुकारा होईपर्यंत दालनाबाहेर थांबावे. निघण्यापूर्वी पुढची तारीख लिहून घ्यावी. प्रवासाचा व भोजनाचा भत्ता मिळू शकतो, पण तो मागावा लागतो. न्यायालयात खटल्याचे काम पाहणाऱ्या पोलिसांना (पैरवी पोलीस) किंवा न्यायालयाच्या लिपिकाला विचारावे. नोकरी करणाऱ्यांनी हजेरीचा दाखलाही त्याच वेळी घ्यावा.