मदत हवी आहे: एफईएलव्ही पॉझिटिव्ह मांजर दुसऱ्या घरी देऊ का?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण दोन आठवडे डोक्यात हेच चाललंय.

आम्ही कर्वेनगरला वन बीएचकेमध्ये राहतो. पार्किंगमध्ये स्कूटरखाली एक मांजर सापडली, वर्षाची असेल, नाव चिंगी ठेवलं. घरात आमची मनी आहे म्हणून आधी टेस्ट केली तर चिंगी एफईएलव्ही पॉझिटिव्ह, म्हणजे मांजरांचा ल्युकेमिया व्हायरस. डॉक्टर म्हणाले एका टेस्टवर जाऊ नका, काही आठवड्यांनी परत करू, पीसीआरला पण पाठवू. तोवर ती बेडरूममध्ये बंद, वाडगा, लिटर ट्रे सगळं वेगळं. पण दोघी दाराच्या फटीतून एकमेकींना पंजे लावत बसतात आणि माझ्या पोटात गोळा येतो, कारण हा मुख्यतः लाळेतून पसरतो, एकमेकींना चाटलं, एका वाडग्यात खाल्लं की झालं. एफआयव्ही, म्हणजे मांजरांमधला एचआयव्हीसारखा व्हायरस, असता तर एवढं टेन्शन घेतलं नसतं, तो बहुतेक कडकडून चावल्यावरच जातो.

मांजरांचं काम करणारी एक मैत्रीण म्हणते, सांगूच नकोस, धडधाकट दिसतेय, सांगितलंस तर कोणी नेणार नाही. हे मला अजिबात पटत नाही. अशी बरीच मांजरं दोन-तीन वर्षांत जातात, समोरच्याने जीव लावायचा आणि मला आधीच माहीत होतं हे त्याला कळू पण द्यायचं नाही? सांगणार हे नक्की.

अडलंय पुढे. सिंहगड रोडच्या एक काकू सगळं ऐकून घ्यायला तयार आहेत, त्यांच्याकडे दुसरं मांजर नाही, माणसांना होत नाही हेही सांगितलं. पण घर तळमजल्यावर, खिडक्यांना जाळी नाही, आणि त्या म्हणतात मांजर म्हटलं की फिरणारच. खाली सात-आठ मांजरं एकाच ताटलीत जेवतात, मी स्वतः बघून आले. काकू हो म्हणाल्या, पण त्या मांजरांना कोण विचारणार? जाळी मी माझ्या पैशाने बसवून देईन, पण दाराचं काय?

कोणी असं मांजर दिलं किंवा घेतलं असेल तर सांगा, घरातच ठेवायचं असं लेखी घेतलंत का, आणि ते पाळलं गेलं का? की दुसरी टेस्ट होईपर्यंत कोणालाच शब्द देऊ नये? पुण्यात कोणाकडे आधीच पॉझिटिव्ह असलेलं, घरातच राहणारं मांजर असेल तर प्लीज मेसेज करा, चिंगीचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय, खाते-पिते, खेळते. काकूंना रविवारपर्यंत कळवायचंय.