मनोरा उजवीकडे असला तरी चर्च तेच असू शकतं
इंग्लंडमधल्या एखाद्या गावच्या चर्चच्या जुन्या चित्रात मनोरा उजवीकडे आणि आजच्या फोटोत डावीकडे, म्हणून चित्रातलं चर्च वेगळं, हा निष्कर्ष घाईचा वाटतो. इंग्लंडच्या खेड्यांतल्या चर्चमध्ये वेदी पूर्वेला, मनोरा बहुधा पश्चिमेला. उत्तरेकडून काढलं की तो उजवीकडेच येणार. मात्र चित्रात दिसणाऱ्या त्याच बाजूला मोठा पोर्च (दारापुढची छपराची देवडी) आणि भिंतीवर भरदुपारचं ऊन दिसलं, तर ही दक्षिण बाजूची लक्षणं; मग छापचित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं उमटल्याची शंका घ्या.

पुनर्बांधणीत बाकी चर्च बदललं, तरी मनोरा पुष्कळदा जुनाच ठेवत. त्याच्या पूर्वेच्या अंगावर जुन्या छपराची तिरकी खूण शोधा नि तिचा उतार चित्राशी ताडा. उंचीवर विसंबू नका, चित्रकार मनोरे सर्रास ताणतात. १८१८ नंतरचं काम असेल, तर चर्चच्या बांधकामाला पैसे देणाऱ्या चर्च बिल्डिंग सोसायटीकडे आलेले अनुदान-अर्ज लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस लायब्ररीत आहेत, कित्येकांसोबत इमारतीचे नकाशेही.