केस ‘काढणे’, ‘कापणे’ की आणखी काही?

मूळ प्रश्न

नाशिकला मेनरोडजवळच्या एका फोटो स्टुडिओत मी डिझायनिंग करते. मागच्या आठवड्यात एक बाई आईचा फोटो घेऊन आल्या. आई नुकतीच गेली होती, दहाव्याला हार घालायला फ्रेम हवी होती. फोटो कुणाच्या तरी लग्नातला, मागे स्टेजची लाल फुलं. ती जाऊन साधं निळसर बॅकग्राउंड हवं होतं.

मागच्या फुलांपासून वेगळे कर या अर्थाने नव्या मुलाला मी सांगितलं, “यांचे केस नीट काढ.” अर्ध्या तासाने बघते तर कपाळावरचे, कानामागचे भुरभुरणारे पांढरे केस सगळे गायब! त्याने ते खरोखरच काढले होते. त्याला काय बोलणार? बाळाचं जावळ काढतात, रामकुंडावर विधीआधी केस काढतात. केसांच्या बाबतीत ‘काढणे’ म्हणजे काढून टाकणे. मग म्हटलं, “अरे, कापून घे.” तर त्याने पेन टूलने (रेघ आखून भाग वेगळा करायचं साधन) डोक्याभोवती गुळगुळीत रेघ फिरवली. बाईंनी स्क्रीन पाहिली आणि हळूच म्हणाल्या, “आईचे केस असे चापूनचोपून कधीच बसले नाहीत हो.”

ते वाक्य डोक्यातून जात नाही. ‘कटआउट’, ‘मास्किंग’ हे शब्द आम्ही दिवसभर वापरतो, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण शिकवताना हाताला कळेल असं मराठी क्रियापद कोणतं?

प्रतिसाद

‘निवडणे’ आहे की. ‘सिलेक्ट’ला रुळलेलाही आहे. आपण मेथी निवडतो, तांदूळ निवडतो. पाहिजे ते घ्यायचं, नको ते बाजूला.

प्रतिसाद

‘निवडणे’ खांद्यापर्यंत चालेल, केसांना नाही. तांदूळ निवडताना हातात येतो तो एकतर तांदूळ असतो नाहीतर खडा. फोटोत तसं नसतं. केसाची जाडी सहसा ०.१ मिलिमीटरपेक्षाही कमी. साध्या पोर्ट्रेटमध्ये सुटा केस बऱ्याचदा एका पिक्सेलपेक्षा बारीक पडतो. म्हणजे त्या एकाच ठिपक्यात थोडा केस आणि थोडं मागचं फूल, दोन्ही मिसळलेले. तो ठिपका घेतला तर फूल येतं, टाकला तर केस जातो. म्हणून तर मास्कमध्ये, म्हणजे फोटोचा कुठला भाग किती दिसावा ते ठरवणाऱ्या थरात, काळ्यापांढऱ्याच्या मधले करडे लागतात. ८ बिटच्या मास्कमध्ये ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात: पांढरं तिथे पूर्ण दिसतं, काळं तिथे झाकलं जातं, करडं तिथे अर्धवट. क्रियापदात हे ‘अर्धवट’ यायला हवं. कापण्यात ते नाही, निवडण्यातही नाही.

येवल्याहून

मी पैठणीवाल्यांच्या घरातली. तुम्ही क्रियापद शोधताय, मी एक नाम देते: दशा. कापडाच्या टोकाला जे सुटे धागे लोंबतात त्या दशा, एकवचन दशी. डोक्याच्या कडेचे हे केस म्हणजे अगदी दशाच. पदराच्या दशा कुणी सरसकट छाटत नाही. त्या मोकळ्या करतात, मग हवं तर गोंडे बांधतात. ‘कडेचे केस’ म्हणण्यापेक्षा ‘दशा सांभाळ’ म्हटलं तर मुलाला लगेच कळेल.

मूळ प्रश्नकर्ती

ताई, ‘दशा’ मी उद्यापासून वापरणार. आणि तुमच्या ‘मोकळ्या करतात’वरूनच मला शब्द सापडला: सोडवणे. गुंता सोडवणे! लहानपणी आजी मोठ्या दातांचा कंगवा घेऊन टोकाकडून वर वर येत गुंता सोडवायची. केस तुटू द्यायचा नाही, ओढायचा नाही, कशात अडकलाय ते आधी बघायचं. फोटोतला केस मागच्या रंगात अडकलेला असतो, त्याला त्यातून सोडवायचं.

त्या फोटोचं शेवटी मी स्वतः असंच केलं. लाल, हिरवा, निळा हे तीन चॅनेल, म्हणजे फोटोतल्या एकेका रंगाचे काळेपांढरे थर, वेगवेगळे उघडले. निळ्यात लाल फुलं जवळजवळ काळी पडली आणि पांढऱ्या केसाची दशी न् दशी उठून दिसली. त्याच चॅनेलची प्रत घेतली, लेव्हल्सने (गडद-फिकं कमीजास्त करायची सोय) काळं आणखी काळं केलं, पण केसांतले करडे मरणार नाहीत इतपतच. चेहरा आणि साडी ब्रशने पांढरी भरली, तोच मास्क झाला. खांद्याची, पदराची कड मात्र पेन टूलने. तिथे ‘कोरणे’ हा शब्द चपखल आहे, भुवया कोरतात तसा.

एक त्रास उरला. केस सुटले, पण फुलांची लाली घेऊन आले. निळसर बॅकग्राउंडवर ती गुलाबी दिसायला लागली. स्पंज टूलने फक्त दशांमधला रंग उतरवला. याला ‘डिकंटॅमिनेट’ म्हणतात. मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद

‘रंग लागणे’ आणि ‘रंग उतरवणे’. धुण्यात लाल साडीचा रंग पांढऱ्या सदऱ्याला लागतो, तसंच. कुणी केसांभोवतीच्या या लालीला ‘प्रभावळ’ सुचवेल, पण ती देवामागे मुद्दाम बसवतात. नको असलेल्या रंगाला तो शब्द देऊ नये.

प्रतिसाद

थोडं ‘मास्क’बद्दल. मराठी मेनूत किंवा भाषांतरात ‘मुखवटा’ दिसतो तेव्हा वाईट वाटतं. मुखवटा चेहऱ्यावर चढवतात, गौरीचे असतात. इथला मास्क झाकण्यासाठी आहे, कुणाचं रूप घेण्यासाठी नाही. मी ऑफसेट छपाईत आयुष्य घालवलं. नको तो भाग निगेटिव्हवर ओपेक (उजेड अडवणारा रंग) लावून बंद करायचो, आणि आमचा शब्द साधा होता: ‘झाकणे’. ‘मागचं झाक’ म्हटलं की पोरं ब्रश उचलायची. ब्रशने एकेक केस सोडवणं तेव्हा शक्यच नव्हतं, त्यामुळे डोक्याभोवतीचा मागचा भाग थोडा ठेवून बाहेर विरत न्यायचो. ‘विरत नेणे’ हाही तुमच्या कामाचा शब्द आहे.

मूळ प्रश्नकर्ती

काका, झाकणं मला फार महत्त्वाचं वाटतं. मास्कमध्ये काहीच कापलं जात नाही, केस खाली तसाच असतो आणि चूक झाली तर परत उघडता येतो. ‘कापणे’ म्हटलं की मुलं इरेझर घेतात आणि मूळ फोटोच बिघडवतात. ‘झाक’ म्हटलं असतं तर पहिल्या दिवशीच ते केस वाचले असते.

बाई काल फ्रेम घेऊन गेल्या. आईच्या कपाळावरच्या त्या बटेवरून काचेवर त्यांनी एकदा बोट फिरवलं.

सोमवारी एका बाळाचा फोटो आहे, जावळ काढायच्या आधीचा. भुरं, पातळ जावळ आणि मागे पिवळी भिंत, म्हणजे केस आणि भिंत जवळजवळ एकाच रंगाची. इतक्या विरळ केसांना, दशीही म्हणता येणार नाही अशांना, कुणाकडे शब्द आहे का?

येवल्याहून

आमच्याकडे रेशमाच्या कापडावर बारीक तंतू उभे राहतात, त्याला ‘लव’ म्हणतात. अंगावरचीही लवच. बाळाला तोच शब्द लावा.