बारी येथील संत निकोलस यांची ऐतिहासिक मिरवणूक : एक संध्याकाळ पुरेल का?

नीलसागर

नमस्कार. मी म्युनिकमध्ये राहते. येत्या मे महिन्यात आई पुण्याहून येणार असून आम्ही दोघी दक्षिण इटलीतील पुलिया भागात आठ दिवस फिरणार आहोत. तेथील बारी या बंदराच्या शहराचे संरक्षक संत निकोलस यांच्या अस्थी १०८७ साली शहरात कशा आल्या, तो प्रसंग ७ मेच्या रात्री गावकरी जुन्या काळच्या पेहरावात सादर करतात, असे वाचले. या सादरीकरणात घडलेला इतिहास कितपत असतो, आणि मिरवणूक पाहून ८ तारखेला सकाळीच लेच्चे या पुलियातील दुसऱ्या शहराला निघालो तर काही महत्त्वाचे निसटेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आईला गुडघेदुखी आहे, त्यामुळे तिला गर्दीत फार वेळ उभे राहता येत नाही.

जहाजी

मालवाहू जहाजावर नोकरीला असताना मी सलग दोन वर्षे मे महिन्यात बारीत होतो. तुम्ही ८ तारखेला सकाळी निघू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

७ तारखेची मिरवणूक देखणी असते, यात शंका नाही. ढोलताशे, झेंडे उंच उडवून झेलणारी पथके, नॉर्मन (उत्तर फ्रान्समधून आलेले) सरदार, खलाशी, आणि संतांच्या आयुष्यातील प्रसंग, विशेषतः गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप सोने टाकल्याची कथा. या सर्वांच्या मागून चाकांवरचे जहाज येते, त्यावर संतांची तसबीर असते आणि ती शेवटी संतांच्या बॅसिलिकासमोर, म्हणजे मोठ्या चर्चसमोर, डॉमिनिकन धर्मगुरूंच्या स्वाधीन केली जाते. जहाज ओढणारे माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले, तेव्हा दोरखंड धरलेल्या त्यांच्या मुठी पांढऱ्या पडलेल्या दिसल्या. अंगावरचा पेहराव अकराव्या शतकातला असला, तरी जहाजाचे ते ओझे खरे होते.

पण शहराचा जीव आहे तो ८ तारखेत. त्या दिवशी काळसर चेहऱ्याचा संतांचा पुतळा खांद्यावरून धक्क्यावर आणतात आणि मासेमारीच्या बोटीवर चढवतात. हा मान कोणत्या बोटीला मिळणार, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. मग दिवसभर पुतळा समुद्रात राहतो आणि लोक लहान-मोठ्या होड्यांतून दर्शनाला जातात. नारळी पौर्णिमेला आपले कोळीवाडे ज्या ओढीने किनाऱ्यावर उतरतात, ती ओढ मला तेथे ओळखीची वाटली. एरवी त्याच धक्क्यावर कोळी ऑक्टोपस दगडावर आपटून आपटून मऊ करत असतात, आणि त्यांचीच माणसे आदल्या रात्री खलाशांच्या वेषात दिसतात.

शक्य असल्यास ९ तारखेपर्यंत थांबा. त्या संध्याकाळी बॅसिलिकाच्या तळघरातील समाधीत साचलेले पाणी, ज्याला ते ‘मान्ना’ म्हणतात, बाहेर काढले जाते.

बखरवाचक

इतिहासाविषयीच्या प्रश्नाला उत्तर देतो. मुख्य घटना खरी आहे. संत निकोलस हे चौथ्या शतकातील मायरा येथील बिशप. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील देमरे. बारीचे ६२ खलाशी तिथून अस्थी घेऊन ९ मे १०८७ रोजी परतले, आणि त्या काळातच लिहिलेले वृत्तान्त आज उपलब्ध आहेत. यामागचे कारण केवळ भक्तीचे नव्हते. १०७१ साली बारी नॉर्मनांच्या हाती पडली आणि दक्षिण इटलीतील बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सत्तेची राजधानी म्हणून असलेले तिचे महत्त्व संपले. मायराचा परिसर तोवर सेल्जुक तुर्कांच्या दबावाखाली आला होता, आणि व्हेनिसच्या लोकांचाही याच अस्थींवर डोळा होता. अस्थी आल्यावर त्या कोणी ठेवायच्या यावरून शहरात हाणामारी झाली. शेवटी जुन्या बायझंटाइन सुभेदाराच्या वाड्याच्या जागी नवे चर्च उभारायचे ठरले आणि १०८९ साली पोप दुसरे अर्बन यांच्या हस्ते त्याच्या तळघरात अस्थींची स्थापना झाली.

मला एक गोष्ट मनापासून खटकते. बारीच्या बाजूने लिहिलेल्या वृत्तान्तांतही समाधी राखणाऱ्या भिक्षूंचा विरोध आणि समाधी फोडल्याची हकिकत लपवलेली नाही. मिरवणुकीची मांडणी दरवर्षी बदलते, त्यामुळे सरसकट विधान करता येणार नाही, परंतु मायराच्या लोकांचे दुःख खलाशांच्या पराक्रमाइतक्याच ठसठशीतपणे दाखवले जायला हवे. त्या रात्री एका गावाला संत मिळाला, तेव्हाच दुसऱ्या गावाने तो गमावला होता.

जहाजी

बखरवाचक, आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. त्यात एकच भर घालतो. तळघरात ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडील ख्रिस्ती, पंथीयांसाठी स्वतंत्र प्रार्थनास्थान दिलेले आहे, आणि रशियन भाविक जुन्या पंचांगानुसार, म्हणजे २२ मे रोजी, याच आगमनाचा सण करतात. ‘संत निकोला परक्यांवर प्रेम करतो’ अशी बारीकरांची म्हण आहे, आणि दर्शनाच्या रांगेत ती खरी होताना मी पाहिली आहे.

वसईकरीण

पेहराव करून प्रसंग सादर करण्याची प्रथा आपल्याकडेही आहे. गोव्यात रेइश मागुश, चांदर आणि कांसावली येथे ६ जानेवारीला तीन मुलगे राजांच्या वेषात घोड्यावरून येतात. आमच्या मावशीचा नातू एका वर्षी राजा झाला होता. त्याच्या आजीने मुकुटाची जर आठवडाभर रात्री बसून टाचली. म्हणून नीलसागर यांना सुचवते की मिरवणूक सुरू होण्यापूर्वी जेथे ही मंडळी तयार होत असतात, तेथे थोडे लवकर जाऊन पाहावे.

नीलसागर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लेच्चेचे आरक्षण १० तारखेवर ढकलले आहे. आता फक्त आईच्या बसण्याची सोय पाहायची आहे.

जहाजी

घडीची हलकी खुर्ची सोबत ठेवा. जुन्या गावातील गल्ल्या अरुंद आहेत, तेथे मिरवणुकीच्या वेळी आईंना नेऊ नका. किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत लवकर जाऊन बसा. ८ तारखेला मात्र त्यांना धक्क्यावर जरूर न्या, आणि शक्य झाल्यास होडीतही बसवा, म्हणजे उभे राहण्याचा प्रश्नच उरणार नाही.